केस न गळणारं कुत्रं

दत्त्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, फोनवर आपलं बोलणं भलतीकडंच जातंय म्हणून लिहायलोय. तो कुत्रेवाला म्हणतो हे पूडल आहे, याचे केस गळत नाहीत, पोराला शिंका येणार नाहीत, अन पंचवीस हजार सांगायलाय. थांब गड्या. भांडण केसाचं नाहीच. कुत्र्याच्या लाळेत अन अंगावरच्या कोंड्यात प्रोटीन असतंय, ॲलर्जी त्याची असती, कॅन एफ १ म्हणतात त्यातल्या मेनला, ते पूडल असो नाहीतर आपलं गावठी, सगळ्यांकडं असतंय. पंचवीस हजार देऊन शिंका त्याच.

माझंच बघ की. पोरीनं खंड्याला औसा रोडवरून उचलून आणलं तवा टॉवेलात मावत होता. मला शिंका सुरू झाल्या तर मी म्हणायचो धूळ आहे, गाजरगवत आहे, कायबी आहे पण कुत्रं नाही. सेट्रिझिन खायची अन ऑफिसात डुलक्या घ्यायच्या, सहा महिने हेच, मग रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली तवा बायकोनं ढकलत डॉक्टरकडं नेलं. पहिल्या खेपेला तसाच परत आलो कारण सकाळी गोळी खाऊन गेलतो, ती काही दिवस आधीच बंद करावी लागती नाहीतर ॲलर्जीच्या टेस्टमध्ये काही उठतच नाही. दुसऱ्यांदा हातावर थेंब टाकून टोचलं, वीस मिनिटं बसवलं, तर डास चावल्यासारख्या दोन गांधी उठल्या. एक कुत्र्याची, अन दुसरी गादीतल्या धुळीच्या किड्यांची! गाजरगवताची जागा साफ. उगं शिव्या दिल्या बिचाऱ्याला.

म्हणून म्हणतो, आधी पोराची टेस्ट कर. काहींना तर फक्त नर कुत्र्याच्याच एका प्रोटीनचं वावडं असतंय, त्यांना मादी चालून जाते. माझं नशीब तेवढं भारी नाही.

आता तू म्हणशील आंघोळ घाल. घातली राव, आठवड्यातून दोनदा, कारण दोन-चार दिवसांत अंगावर सगळं परत जमा होतंय. पण लातूर आहे हे! एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आपण दोघं घागरी घेऊन रांगेत होतो का नाही, अन आता मी कुत्र्याला शाम्पू लावायलोय, आई दारात उभी राहून बघती, एक शब्द बोलत नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. शेवटी ओल्या फडक्यानं पुसायलोय, आंघोळ टँकर आला की.

खरा फरक पडला तो बेडरूमचं दार लावल्यानं. खंड्या आत नाही म्हणजे नाही, पोरगी दोन दिवस जेवली नाही तरी नाही. वाकळ-चादरी आठवड्याला कढत पाण्यात, सतरंजी गुंडाळून माळ्यावर, कोरडा झाडू बंद, ओली फरशीच पुसायची. अन कूलर! भर उन्हाळ्यात हे बेनं कूलरसमोर पसरायचं अन अंगावरचं सगळं वाऱ्यानं माझ्या तोंडावर. त्याची जागा आता व्हरांड्यात. नाकातला स्प्रे रोज मारतो, शिंका येवोत न येवोत, एक दिवस मारून सोडला तर उपयोग नाही त्याचा. ॲलर्जीवर इंजेक्शनचा कोर्सबी असतोय, पण तीन ते पाच वर्षं, बघू.

अन 'देऊन टाक' म्हणणाऱ्यांना सांगतो, कुत्रं गेलं तरी घरातलं ते प्रोटीन महिनोन्महिने जात नाही. अन मुळात मला द्यायचंच नाही.

तुझ्या पोराच्या छातीत शिट्टी वाजत असंल तर डॉक्टरला विचारल्याबिगर पाव्हण्याच्या कुत्र्याजवळबी बसवू नको. नुसत्या शिंका असतील तर त्या कुत्रेवाल्याकडं दोन-तीनदा नेऊन तासभर बसव, मग पैशाचं बघ.

खंड्या रात्री बेडरूमच्या दाराच्या फटीला नाक लावून झोपतो. सकाळी दार उघडलं की फरशीवर लाळेचा एक ओला गोल असतोय, एवढा, चहाच्या बशीएवढा. तोंडाला रुमाल बांधून मी तो पुसतो अन ते शेपूट हलवत बघतंय.

तुझा,
बंड्या