स्टेंटनंतरचा दाह दुर्लक्षित

माननीय संपादक, स.न.वि.वि.

गेल्या वर्षी बेळगावातील एका खासगी रुग्णालयात माझ्या वडिलांना स्टेंट बसवला. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल होते. रक्तवाहिन्यांतील दाहाबद्दल (इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज) मात्र एक ओळही नव्हती. शिवाय कागद इंग्रजीत असल्याने होते तेही मलाच वाचून दाखवावे लागले.

स्टेंट अरुंद झालेली जागा उघडी ठेवतो. पण इतर धमन्यांतील चरबीच्या थरांत धुमसणारा दाह तो शमवत नाही, आणि असा थर फुटून त्यावर गुठळी झाली की पुन्हा झटका येतो. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी या रक्ततपासणीत दाह दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचे प्रमाण लिटरमागे 2 मिलिग्रॅम किंवा अधिक राहिले, तर धोका वाढलेला मानतात. (ताप-सर्दीतही ते वाढते, म्हणून तपासणी बरे असतानाच करावी.) 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनाकिनुमॅब या दाहरोधक इंजेक्शनच्या कॅन्टोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह रोखल्याने 150 मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटले, मात्र जीवघेणे संसर्गही वाढले. कोल्चिसीन या दुसऱ्या दाहरोधक औषधाबाबतचे निष्कर्ष उलटसुलट असल्याने ते स्वतःहून घेऊ नये.

विडी-तंबाखूने दाह वाढतो, हे आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तर आवर्जून सांगायला हवे. वडिलांची विडी सुटायला चार महिने लागले. सीमाभागातील रुग्णालयांनी ही माहिती घरी सोडतानाच, मराठीतूनही, लेखी द्यावी ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर