लायपेजचा आकडा आणि खरे गांभीर्य

महोदय,

स्वादुपिंडाला अचानक सूज आली की नातेवाईक रोज एकच विचारतात, 'लायपेज किती आलं?' लायपेज म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे, चरबी पचवणारे एन्झाइम; रक्तातला त्याचा आकडा निदानापुरता. तीन हजारवाला चौथ्या दिवशी वरणभात खाऊन घरी जातो, आठशेवाला व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. हा आकडा रोज तपासणे म्हणजे नुसते बिल फुगवणे.

गांभीर्य ठरते अवयवांवरून. या आजाराची तीव्रता ठरवणाऱ्या 2012च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण 48 तासांहून जास्त निकामी राहिले, तर आजार 'तीव्र'. म्हणून पहिले दोन दिवस नजर हवी ती तासागणिक लघवी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, रक्तातला युरिया आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) यांवर. निदान स्पष्ट असेल तर सीटी स्कॅनची घाई नको. पहिल्या तीन दिवसांत स्वादुपिंडाचा मृत झालेला भाग नीट दिसतही नाही.

सलाइनचा मारा हा दुसरा गैरसमज. रिंगर लॅक्टेट (क्षारयुक्त सलाइनचा एक प्रकार) ताशी किलोमागे दीड मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 90 मिली, बहुधा पुरते. शरीर कोरडे पडले असेल तरच आधी किलोमागे 10 मिली. दुप्पट वेगाने दिल्यास अंगात जादा पाणी साचते, धाप लागते. सलाइनच्या या दोन वेगांची रुग्णांवर तुलना करणारी 2022ची 'वॉटरफॉल' चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. सुरुवातीपासून 'खबरदारी' म्हणून महागडी अँटिबायोटिक्स देण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढला, तर मात्र मृत भागात जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा.

आणि कारण पित्तखडे असतील, आजार सौम्य असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घ्यावे. 'दीड महिन्याने या' म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी काही जण त्याआधीच पोट धरून परत येतात.

– एक पोटविकारतज्ज्ञ