स्वस्तातला ब्लाइंड घेण्याआधी

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. ब्लाइंडच्या, म्हणजे शिकाऱ्याने दडून बसायच्या कापडी तंबूच्या, कॅमोबद्दल (कापडावरच्या पानाफांद्यांच्या नक्षीबद्दल) दीड पान, किमतीबद्दल एक पान आणि आतल्या जागेबद्दल एक ओळसुद्धा नाही! म्हणून हे उत्तर जरा लांबणार. चहा घेऊन बस.

तुझं बजेट मला कळलं, आणि ते वाढव असं मी म्हणणार नाही. धनुष्याने शिकार करणाऱ्याला महागातला ब्लाइंड लागतोच असं नाही. त्याला लागतो तो त्याच्या मापाचा ब्लाइंड. बंदूकवाल्याचं काम कुठल्याही तंबूत भागतं. तो नळी खिडकीच्या कडेला टेकवतो, एक बोट हलवतो, झालं. आपल्याला बसल्या जागी दोरी पूर्ण ओढायची असते, कोपर मागे जाणार, धनुष्याचं वरचं टोक छताकडे, खालचं गुडघ्याजवळ, आणि हे सगळं सावज वीस पावलांवर उभं असताना. स्वस्त ब्लाइंडमध्ये पहिली काटछाट होते ती नेमकी या जागेची, कारण कमी कापड म्हणजे कमी खर्च.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी एक काम कर. ज्या खुर्चीवर तू ब्लाइंडमध्ये बसणार आहेस तिच्यावर बस, समोर नेहमीचं निशाण ठेव, बाण लावून दोरी पूर्ण ओढ आणि कुणाला तरी मागे उभं राहून टेपने तीन मापं घ्यायला सांग: जमिनीपासून धनुष्याच्या वरच्या टोकापर्यंत, धनुष्याच्या पुढच्या भागापासून तुझ्या मागच्या कोपरापर्यंत, आणि जमिनीपासून बाणापर्यंत. ही तीन मापं खिशात असली की निम्मे ब्लाइंड आपोआप बाद होतात. तुझी ओढ (दोरी पूर्ण ओढल्यावर धनुष्यापासून दोरीपर्यंतचं अंतर) २८ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे धनुष्यापासून कोपरापर्यंतच साडेतीन-चार फूट जातील. त्यात पुढे स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा, असला तर तो वेगळा.

आता एक ग्यानबाची मेख. खोक्यावर जी रुंदी छापलेली असते ती बऱ्याचदा हब ते हब असते. हब ब्लाइंडच्या प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक गाठ, म्हणजेच हब, असते, तिच्यातून फायबरग्लासच्या काड्या चारी कोपऱ्यांकडे जातात, आणि ती गाठ बाहेर ओढली की भिंत फुगून ताठ होते. साहजिकच हब ते हब अंतर जमिनीवरच्या मापापेक्षा बरंच जास्त भरतं. ७५ इंच लिहिलेला ब्लाइंड जमिनीवर ५८-६० इंचच असू शकतो. उंचीचंही तसंच. छापलेली उंची छताच्या मध्यावरची, हब वर ढकललेला असताना. तुझं धनुष्य असणार पुढच्या भिंतीजवळ, जिथे छत उतरतं. म्हणून ६६ इंच वाचून खूश होऊ नकोस, भिंतीपासून फूटभर आत उंची किती ते मोज.

कम्पाउंडला, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याला, हे जमून जातं, कारण ते आखूड असतं, चाकापासून चाकापर्यंत तीस इंचांच्या आसपास. पण पत्राच्या शेवटी तू हळूच लाँगबोचा, म्हणजे लांब, बिनचाकाच्या जुन्या धाटणीच्या धनुष्याचा, विषय काढलायस. साडेपाच फुटी लाँगबो स्वस्त ब्लाइंडमध्ये सरळ धरून ओढता येणार नाही. वरचं टोक छताला घासेल आणि सोडल्यावर फटका बसेल. एकतर धनुष्य बरंच तिरपं धरायची सवय कर, नाहीतर उंच ब्लाइंड बघ, आणि उंच म्हणजे महाग. मला विचारशील तर लाँगबोसाठी ब्लाइंड घेऊच नकोस, त्याबद्दल खाली लिहितो.

प्रकारांचं सांगायचं तर तुला आवडलेला तो गोल पिशवीतला पॉप-अप, लवचिक पोलादी पट्टीचा. तो हलका असतो, पिशवीतून काढला की स्वतःच उघडतो, आणि सगळ्यात स्वस्तही तोच. दुकानदार उघडून दाखवेल, मिटून दाखवायला सांग त्याला! वाऱ्यात तो दुमडणं म्हणजे चिडलेलं मांजर पिशवीत कोंबणं. शिवाय त्याच्या भिंती सैल असतात, वाऱ्याने फडफडतात, आणि ती फडफड हरणाला आवडत नाही. रोज लांब चालत जाऊन जागा बदलणार असशील तरच तो घे. हब ब्लाइंड साधारण सहा-सात किलोपासून पुढे, मोठा असला तर आणखी जड, पण ताठ उभा राहतो आणि आत जागा खरी मिळते. तुझ्यासाठी साधा, एका माणसाचा, पण जमिनीवर निदान ६० इंचांचा हब ब्लाइंड, हे माझं मत. ‘दोन माणसांचा’ असं लिहिलेला म्हणजे धनुष्यवाल्या एकाचा, असं धरून चाल.

खिडक्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. स्वस्त ब्लाइंडमध्ये खिडकीला चेन किंवा वेल्क्रो असतो. वेल्क्रो शांत रानात उघडून बघ एकदा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. चेनही कुरकुरते, पण निदान अंधारात आल्याआल्या उघडून ठेवता येते. हुक आणि लवचिक दोरीची किंवा सरकणारी खिडकी मिळाली तर थोडे पैसे जास्त दे, तिथे कंजुषी नको. आकारही बघ. आडव्या रुंद फटीपेक्षा उभी खिडकी आपल्या कामाची, कारण उतारावर, चढावर, जवळ किंवा लांब नेम धरताना वर-खाली वाव लागतो.

आणि हे नीट वाच. साइटमधून (धनुष्यावरच्या नेम धरायच्या चौकटीतून) तुला खिडकीबाहेरचं हरीण स्वच्छ दिसेल, पण बाण डोळ्याच्या तीन-चार इंच खालून निघतो. डोळ्याला मोकळी वाट दिसते आणि बाण खिडकीच्या खालच्या कडेवर आदळतो. त्यासाठीच ते तिसरं माप, जमिनीपासून बाणापर्यंतचं. खिडकीची खालची कड त्या मापापेक्षा चांगली वीतभर खाली हवी. कड बदलत नाही, खुर्ची बदलता येते, म्हणून उंची कमी-जास्त होणारी खुर्ची फार उपयोगी. ती न कुरकुरता फिरणारी असावी. ब्लाइंडवर वाचवलेले पैसे खुर्चीवर घाल, तीन तास पाठ अवघडली की माणूस हलतोच.

काही खिडक्यांना बाण आरपार मारता येईल अशी जाळी असते. ठोस पात्याचा ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्याचं टोक, तिच्यातून जातो, पण आघाताने उघडणारा मेकॅनिकल ब्रॉडहेड जाळीलाच लागून उघडू शकतो, मग बाण कुठे जाईल भरवसा नाही. तू मेकॅनिकल वापरतोस, तेव्हा मारायच्या खिडकीची जाळी काढूनच ठेव. काढता येते ना, हे घेतानाच बघ.

बाहेरून आतलं न दिसणाऱ्या पण आतून आरपार दिसणाऱ्या भिंतींची नवी तऱ्हा तुला खुणावतेय, ते कळलं. छान असते, चारही बाजू दिसतात, पण पैसे त्या भिंतीचेच. शिवाय सूर्य खाली आलेला असताना उन्हाचा झोत आत शिरला की तू बाहेरून दिसतोस. तुझ्या बजेटमध्ये तशी भिंत मिळाली तर दुसरीकडे कुठेतरी हात आखडलेला असणार, बहुतेक काड्यांमध्ये किंवा शिवणीत.

आता तो कॅमो. त्याच्यावर एक पैसाही जास्त देऊ नकोस. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या डोळ्यांची तपासणी केली. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, त्यांच्याकडे दोनच निघाल्या. निळा त्यांना चांगला दिसतो, नारंगी आणि लाल हिरव्यापासून फारसा वेगळा कळत नाही. तेव्हा ओकची पानं छापलीत की बांबूची, याने हरणाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो चमकेने. कापड उन्हात चकाकत असेल तर नको. डेनियरचा आकडा जरूर बघ. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तर धागा जाड. १५० डेनियरचं कापड हलकं, पण काट्याने फाटतं आणि उन्हाने लवकर विटतं. ३०० असेल तर बरं. आतून काळं अस्तर हवंच, आणि मागच्या भिंतीला शिवणीतून उजेड येतो का, हे दिवसा आत बसून तपास. मागून उजेड आला की तुझी आकृती खिडकीत कोरल्यासारखी दिसते. म्हणून मागच्या खिडक्या बंद, पुढच्याही लागतील तेवढ्याच उघड्या. कपडे काळे घाल, तोंड आणि हातही झाक. आत बसून पानांचे कपडे घालणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आतल्या काळोखाचा एक त्रास मात्र आहे. तुझ्या साइटच्या फायबरच्या पिना बाहेरचा उजेड गोळा करून चमकतात, आत त्या मंदावतात. पीपचं, म्हणजे दोरीत बसवलेल्या, ज्यातून बघून नेम धरतात त्या कडीचं, भोक बारीक असेल तर संध्याकाळी काहीच दिसणार नाही. थोडं मोठं पीप बसव, आणि हंगामाआधी ब्लाइंड अंगणात उभा करून त्याच्या आतून, बसून, त्याच कपड्यांत सराव कर. साइटवर दिवा चालतो की नाही हे तुझ्याकडच्या शिकारीच्या नियमांच्या पुस्तकात बघ. ते पुस्तक उघडलंस की ब्लाइंडवरच्या नारंगी रंगाचंही वाच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, उदाहरणार्थ, बंदुकीच्या हंगामात सरकारी जमिनीवरच्या ब्लाइंडला सगळ्या बाजूंनी दिसेल असा निदान १४४ चौरस इंच झळझळीत नारंगी किंवा गुलाबी रंग लावावा लागतो. नियम नसला तरी लाव. हरणाला तो खुपत नाही हे वर आलंच, आणि आत माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला कळायला दुसरा मार्ग नाही.

सोबत येणाऱ्या खुंट्या कचऱ्यात टाक. सगळ्या स्वस्त ब्लाइंडांच्या खुंट्या एकाच माळेचे मणी, पहिल्या वाऱ्यात वाकतात. लोखंडी, लांब खुंट्या वेगळ्या घे आणि हबच्या बाहेरच्या कडीतून ताणदोरी बांध, नाहीतर वारा भिंत आत दाबून हब उलटा करतो. बर्फ पडणार असेल तर ब्लाइंड रानात सोडू नकोस, छत बसतं आणि काड्या मोडतात. आधी विचारून ठेव की सुट्या काड्या मिळतात का. ज्याच्या मिळत नाहीत तो ब्लाइंड एका काडीपायी भंगारात जातो.

जुना घेतलास तरी चालेल, खरंतर हंगाम संपल्यावर तोच सौदा बरा. फक्त उभा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कोपरे, जिथे काडीचं टोक कापडात शिरतं, तिथे आधी फाटतं. मग हबच्या खाचा, मग चेनी, आणि उंदरांनी कुरतडलंय का ते. वास घे. बुरशीचा वास जात नाही. नव्या ब्लाइंडलाही वास असतोच, तो काही दिवस उघड्या हवेत उभा करून घालव. कापड आत वास अडवतं म्हणतात त्यावर फार विसंबू नकोस, वारा बघूनच जागा धर.

रानात तो हंगामाआधीच नेऊन ठेव. टर्कीला ब्लाइंडचं काही वाटत नाही, रातोरात उगवलेल्या तंबूसमोरही ते पक्षी खुशाल चरतात. हरणाचं तसं नाही, त्याला रोजच्या वाटेवर नवी चौकोनी वस्तू दिसली की ते थबकतं आणि लांबून वळसा घालतं. जमीनमालकाची परवानगी असेल तर आसपासच्या फांद्या लावून छताची सरळ रेघ मोड, झुडपाला पाठ देऊन सावलीत बसव. आतली पानं-काटक्या झाडून माती उघडी कर, पाय हलला तरी आवाज नको. थंडीत आत गॅसची शेगडी नको म्हणजे नको, कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आणि लाँगबोचं. त्याला चार खुंट्यांवर ताणलेली नुसती कापडाची आडभिंत घे, कमरेच्या थोडी वर, गोणपाटाचीसुद्धा चालेल. तिला फांद्या खोव, मागे दाट झुडूप ठेव. डोक्यावर छत नाही, त्यामुळे धनुष्य सरळ धरता येतं आणि खर्च जवळपास नाही. मात्र तिथे अंधाराचा आडोसा नाही, दोरी ओढायची वेळ साधावी लागते, हरणाचं डोकं झाडामागे गेलं की मगच. पाऊस आला की भिजायचं. मला स्वतःला हाच प्रकार जास्त आवडतो, पण तुझ्या पहिल्या हंगामाला तो नको.

तेव्हा मापं घे आणि मला कळव. तू लिहिलेल्या तीन ब्लाइंडपैकी तो दुसरा, कॅमो फिका असलेला, मला कागदावर तरी बरा वाटतोय, पण त्याचं जमिनीवरचं माप तू लिहिलेलं नाहीस. दुकानात खुर्ची आणि धनुष्य घेऊन जा, आत बसून दोरी ओढून बघू देतात का विचार. बाण लावू नकोस, आणि ओढलेली दोरी हळूच परत आण, रिकामी सोडू नकोस. लोक हसले तर हसू देत.

खांद्याचं दुखणं आता कसं आहे ते लिहिलंच नाहीस. अजून कळ येत असेल तर धनुष्याचं ओढीचं वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) चार-पाच पौंडांनी उतरव. वीस पावलांवर त्याने काही बिघडत नाही, आणि बसून ओढताना उभ्यापेक्षा जड जातं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या