घरकुलाला अनुदान आहे, पण जागेचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपरिषदेच्या सुधारित विकास आराखड्याचे काम सुरू झाले आहे. बाह्यवळण रस्ता कोणाच्या शेतातून जाणार आणि कोणाची जमीन पिवळ्या म्हणजे रहिवासी पट्ट्यात येणार, एवढीच चर्चा चौकाचौकात ऐकू येते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे नाव त्यात कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

पंतप्रधान आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. लहान गावांत या योजनेचा खरा उपयोग झाला तो स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांना. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. आजोबांच्या वेळची मातीची पडकी घरे जाऊन तिथे पक्की घरे उभी राहिली, हे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. त्याबद्दल योजनेचे आभारच मानले पाहिजेत. पण या अर्जाला जागेचा उतारा जोडावा लागतो. तो नसेल तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो.

आमच्या शेजारच्या एक मावशी पहाटेपासून खानावळीत पोळ्या लाटतात. त्यांचे यजमान बाजार समितीत हमाली करतात. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, मोरी त्यातच, भाडे अडीच हजार आणि लाइटबिल वेगळे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्रा असा तापतो की धाकट्या पोराला घेऊन त्या देवळाच्या सभामंडपात जाऊन बसतात. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रे आहेत: आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, देशात कुठेही पक्के घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र. फक्त जागेचा कागद नाही. ‘आधी जागा घ्या, मग या,’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. जागा घ्यायची तर गावालगत चार-पाच लाखांच्या खाली गुंठा मिळत नाही. मिळाला तरी त्यावर बहुधा बांधकाम परवानगी मिळत नाही आणि परवानगीअभावी अनुदानही नाही. घर नसणाऱ्यांतही ज्यांची गरज सर्वांत मोठी, तेच असे योजनेबाहेर राहतात.

जागा नसलेल्यांसाठी घरे बांधण्याचा प्रयत्न आमच्याकडे झालाच नाही असे नाही. २००५ च्या अखेरीस केंद्राने लहान शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम आणला, त्यातून इथेही इमारती उभ्या राहिल्या. पण कुठे, तर बाजारपेठेपासून चार किलोमीटरवर, कचरा डेपोच्या अलीकडे, कारण तिथली जागा फुकट होती. पाण्याची लाइन गेली नाही, रात्री आठनंतर रिक्षा मिळत नाही. लोक राहायला गेले आणि वर्षभरात पुन्हा भाड्याच्या खोल्यांत परतले. आज तिथे खिडक्यांच्या चौकटीही शिल्लक नाहीत, जिन्यापर्यंत वेड्या बाभळी आल्या आहेत. ‘गरिबांना घरे देऊनही ते तिथे राहत नाहीत’ असे तेव्हापासून ऐकवले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. पहाटे पाचला कामावर पोहोचायचे असलेल्या बाईने चार किलोमीटर अंधारात चालत यायचे का?

म्हणूनच सगळा प्रश्न येऊन थांबतो तो आराखड्यावर. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये मोठ्या लेआउटमधला २० टक्के हिस्सा लहान घरांसाठी ठेवण्याचे बंधन आहे, आमच्यासारख्या नगरपरिषदांना ते नाही. आमच्या हातात फक्त आरक्षण उरते, म्हणजे आराखड्यात घरांसाठी जमीन राखून ठेवणे. आणि आरक्षणाचे आजवर काय झाले? नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तिजोरीत पैसा नसलेल्या नगरपरिषदेत हेच घडते. नकाशावर घरे रंगवायची, मुदत टळू द्यायची आणि पुढे त्याच जागेवर प्लॉटिंगचे फलक पाहायचे.

माझी मागणी अशी की, खाजगी जमिनींवर रंग भरण्याआधी नगरपरिषदेच्या मालकीच्या जागांची यादी जाहीर करावी. बंद पडलेला कोंडवाडा, जुना जकात नाका, पटसंख्येअभावी रिकाम्या झालेल्या शाळांच्या इमारती. यातल्या बऱ्याच जागा बाजार आणि एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तीन मजली इमारतीला फार मोठी जागा लागत नाही. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही घटक आहे. हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, हंगामी कामगार यांना आज मालकीपेक्षा आधी स्वच्छ, हवेशीर भाड्याची खोली हवी आहे. नगरपरिषदेने प्रस्ताव पाठवला तरच ती मिळेल.

लोक एकत्र आले तर काय होते हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी कामगार आणि इतर असंघटित कामगार संघटित झाले नसते तर ते शक्य नव्हते. आमच्या गावाला हजारो घरे नकोत. दोनशे घरे योग्य जागी मिळाली तरी पुष्कळ फरक पडेल.

आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी जेमतेम महिना मिळतो. जमीनदार मंडळी वकील लावून हरकती घेतात, भाडेकरूला तारीखही कळत नाही. आम्ही काही जणांनी सूचनेचा नमुना तयार केला आहे आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी भरून देणार आहोत. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत मते मागायला आमच्या खोल्यांपर्यंत आलेल्या नगरसेवकांनीही त्यावर सह्या कराव्यात. आणि जिल्ह्यातील ज्या ज्या गावाचा आराखडा प्रसिद्ध होईल, त्याच्या हरकतींची शेवटची तारीख आपण पहिल्या पानावर छापावी, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर जिल्हा