अण्णांबद्दल काय सांगशील

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, उमरग्याला गवंड्यांच्या प्रशिक्षणात बोलायचंय, अण्णांबद्दल काय सांगू? मी म्हणाले, लिहून कळवते. बोलायला गेलं की माझा गळा दाटतो आणि निम्मं राहून जातं.

आधी एक ऐक. "वडील अडाणी होते, हालअपेष्टा सोसून त्यांनी मला शिकवलं" अशी सुरुवात करू नकोस. हाल सोसले, खरंय. पण समोर गवंडीच बसलेले असणार, आणि अण्णाही गवंडीच. तुझं शिक्षण ह्यांच्या हाताखाली सुरू झालं, ते त्यांना सांग.

तू भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं निजली होती, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपल्या गावात भिंती फुटल्या, माणसं वाचली. हे उजाडताच सास्तूरकडे गेले, ढिगारे उपसायला. तिथं काय पाहिलं ते घरात कधी बोलले नाहीत. बोलायचे ते भिंतींबद्दल.

आपल्याकडची जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, मधे चिपा आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत, त्यावर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर गार, म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. जमीन हलली तशा दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या, भिंतीचं पोट फुगलं आणि दगड ढासळले. किती तरी घरांत लाकडी खांब, तुळया उभ्याच राहिल्या, माणसं मात्र दगडमातीखाली गेली. सगळ्या भागात मिळून १०,००० च्या आसपास. आपल्या भागातले सगळेच गवंडी तशा भिंती बांधायचे, हेही. त्यामुळे "का पडली?" हा प्रश्न ह्यांना सोडेना.

पुढे गवंड्यांना शिकवायला इंजिनिअर आले. ह्यांचा हात तेव्हा चांगला बसलेला, तरी पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. दोन्ही रांगा बांधून ठेवणारा आरपार दगड घाला, दर दोन फूट उंचीला, आडवं चार फुटांच्या आत एक. जुन्या भिंतीत तो बसत नसेल तर आरपार भोक पाडून सळई ठेवा, काँक्रीट भरा. माळवदावरची जादा माती उतरवा. घरमालक चिडायचे, चांगल्या भिंतीला भोकं कशाला पाडता? हे वाद घालायचे नाहीत. मालकाला पडक्या भिंतीपाशी न्यायचे आणि तिच्या पोटात हात घालायला लावायचे.

तू चालायला लागलीस तशी त्यांच्या मागे. सुताचं एक टोक तुझ्या हातात. ओळंबा सोडला की आधी तुलाच विचारायचे, कुठं कललीय? घाईनं उत्तर दिलंस तर हो-नाही काही म्हणायचे नाहीत, दोरा स्थिर होईपर्यंत थांबवायचे. शाळेतून आलीस की नव्या कामावर पाणी मारायला तूच.

आणि रिंगांचं आठवतं? कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचं टोक कुणी काटकोनात वळवून सोडलं तर ती काढायला लावायचे. टोक आत वळलंच पाहिजे. कॉलेजात असताना एका रात्री तुझा फोन आला, "आई, पुस्तकात १३५ अंश दिलंय, अण्णा म्हणतात तेच!" मी फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "का, ते दिलंय का?" तू वाचून दाखवलंस: धक्क्यात वरचं काँक्रीट निघालं की काटकोनातलं टोक उघडतं, आत वळलेलं धरून राहतं. त्यांनी तुला ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर मला म्हणाले, आता हिला विचारत जाईन. आणि शेवटपर्यंत विचारत राहिले, दवाखान्यातसुद्धा.

गावात म्हणतात, बापाची इच्छा होती म्हणून पोरगी इंजिनिअर झाली. तसं ते कधीच म्हणाले नव्हते. का, हे विचारायची सवय तुला त्यांच्याकडून लागली, बाकीचं तुझं तू केलंस. मला त्याचा फार अभिमान आहे, दोघांचाही.

तिथं नकाशे उघडण्याआधी त्या लोकांना हातभर भिंत बांधू दे. हेही वर्गात गप्प बसायचे, हातात थापी आली की बोलायचे. ह्यांच्याबरोबर काम केलेला कुणी जुना गवंडी भेटलाच तर त्याच्याजवळ बस. कामावरचे अण्णा त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. तो जे सांगेल ते मला सविस्तर लिहून पाठव.

तुझी,
आई