वॉचमनकाका आणि प्लंबरदादा, मनापासून आभार

वरच्या मजल्यावर टाइल्स फोडताना ठेकेदाराच्या माणसाच्या छिन्नीने भिंतीतला पाण्याचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप फुटला. खाली आमच्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं पीओपी छत पाण्याने फुगलं. घरात भाडेकरूंच्या आजी एकट्याच.

वॉचमनकाकांनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, मीटर रूममधून मेन स्विच पाडला. पाणी दिव्यापर्यंत आलं होतं, त्यामुळे हे फार मोलाचं. फुगवट्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून खाली बादली लावली, म्हणून छत कोसळलं नाही. आणि नातवाची भिजलेली पुस्तकं? ती त्यांनी केबिनमध्ये पंख्याखाली पान पान सुटं करून वाळवली.

प्लंबरदादांनी दुरुस्तीआधी फुटक्या पाइपचे फोटो काढायला लावले. ठेकेदाराने भरपाई मान्य केली ती त्यामुळेच. पैसे मात्र त्यांनी फक्त कपलरचे, म्हणजे पाइप जोडायच्या तुकड्याचे घेतले.