बंद खिडकीआडचा गांजा

मा. संपादक,

फ्लॅटमध्ये गांजा पिकवला जात असेल तर आधी वास चुगली करतो. फुलोऱ्याच्या दिवसांत तो उग्र होतो, जिन्यापर्यंत येतो. खिडक्यांना आतून काळा कागद, रोज नेमका १२ तास जांभळट उजेड, अहोरात्र एक्झॉस्ट. एलईडी दिव्यांमुळे वीजबिल फारसे फुगत नाही, तेव्हा मीटरवर विसंबू नये. कुंडीतली अंबाडीही पानांवरून फसवते, पण तिला मोठे पिवळसर फूल येते.

स्वतः दार ठोठावू नका. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो तर मुळीच नको. रातोरात माल हलतो. विंग, मजला, वेळ टिपून १९३३ या अमली पदार्थविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. खबर कुणी दिली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचे कलम ६८ तेच सांगते. जाणूनबुजून जागा देणाऱ्या घरमालकाला मात्र कलम २५ लागते.

– एक वाचक, पुणे